पाळलेल्या विंचवाच्या काचेच्या टाकीत ओलावा ठेवला की बुरशी येते, हवा खेळती ठेवली की माती वाळते. काय करावं?

आधी विंचू कोणता ते बघा. एम्परर विंचू पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला, त्याला ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. वाळवंटी जातींना तीच बाधते. एम्परर असेल तर झाकण प्लास्टिकने गच्च बंद करू नका, बहुतेकांचं इथेच चुकतं. ओलावा हवेत नाही, मातीत साठवायचा. माती म्हणून कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) १०-१५ सेंटिमीटर थर द्या आणि फवारत बसण्याऐवजी एका कोपऱ्यातून हळूहळू पाणी सोडा. तळ ओलसर राहतो, वरचा भाग जवळपास कोरडा. विंचू बीळ करून हवा तेवढा ओलावा स्वतःच शोधतो. मूठभर कोकोपीट दाबून बघा: गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. टाकीच्या समोरासमोरच्या बाजूंना बारीक भोकं हवीत. काचेवर दिवसभर थेंब दिसत असतील तर आणखी पाडा. भोकं मात्र विंचवाची नांगीही बाहेर येणार नाही इतकी लहान ठेवा!