४ थर घालूनही तागाची शीट नुसत्या इपॉक्सीपेक्षा कच्ची का निघते

तुमचं म्हणणं असं की तागाच्या ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कापडाचे ४ थर घालून हाताने इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) लावून ५ मिमीची शीट केली, टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) ४० एमपीएच्या (मेगापास्कल) आसपास आलं, नुसती इपॉक्सी मात्र ६० ला तुटली, तर आता ६ थर घालू का. घाला हवं तर, पण अशीच हाताने लावणार असाल तर शीट जाड होईल, बाकी काही नाही.

हिशोब करून बघा. ४ थर म्हणजे चौरस मीटरला १२०० ग्रॅम ताग, घनता १.४ धरली तर ५ मिमीत फायबर व्हॉल्यूम फ्रॅक्शन (शीटच्या आकारमानातला तागाचा वाटा) जेमतेम १७ टक्के. ६ थर घातले आणि शीट साडेसात मिमी झाली तर परत तेच १७. हेच ४ थर प्रेसमध्ये दाबून ३ मिमीत बसवले तर २८ च्या वर जातं. आणि या १७ मधलेही निम्मे धागे आडवे, ओढताना ते मदत तर करत नाहीतच, उलट आडवा धागा रेझिनपासून सुटतो तिथूनच भेग पडायला लागते. वर ताग साधारण दीड टक्का ताणला की तुटतो, तेवढ्यात इपॉक्सीने तिची पूर्ण ताकद दाखवलेलीच नसते. त्यामुळे तुमचा आकडा मला विचित्र वाटत नाही. ओढण्याच्या टेस्टच्या ग्राफचा सुरुवातीचा स्लोप बघा, तो नुसत्या इपॉक्सीपेक्षा चढा असेल, म्हणजे कडकपणा वाढलाय, ताकद नाही.

आता खरी गोम धाग्यात. तागाचे तंतू तुकड्या-तुकड्यांचे असतात म्हणून सूत काढताना पीळ द्यावाच लागतो, काचेच्या रोव्हिंगसारखं (बिनपिळाचा सलग तंतूंचा जुडगा) नाही ते. पीळ जास्त असला की रेझिन धाग्याच्या बाहेरून फिरतं, आत शिरतच नाही. शीटचा तुकडा आडवा कापा, बारीक पॉलिश पेपरने घासा आणि भिंगाखाली धरा. धाग्याच्या मध्यभागी फिकट, भुसभुशीत ठिपका दिसला तर तिथे रेझिन पोचलेलं नाही. तुटलेल्या टोकाला केरसुणीसारखे कोरडे तंतू लोंबत असतील तरी तेच समजायचं. प्लेन विणीत धागा सारखा वरखाली जातो, ओढल्यावर आधी सरळ व्हायला बघतो, ट्विलमध्ये (तिरप्या रेघांची वीण) हे वळण कमी, मिळालं तर ट्विल आणि कमी पिळाचं सूत घ्या.

दुसरं म्हणजे ओल. दमट हवेत ताग १२-१३ टक्के पाणी धरून बसतो, हाताला अजिबात कळत नाही. मी एकदा कापड रात्री ओव्हनमध्ये सुकवलं आणि सकाळी टेबलावर तसंच ठेवून चहाला गेलो, मग गप्पा, दोन तासांनी लावलं, शीटभर बुडबुडे. ८०-१०० डिग्रीला काही तास सुकवा आणि गरम असतानाच लावायला घ्या.

कॉस्टिक सोड्याचं विचारलंय, तर ५ टक्क्यांच्या आसपासचं द्रावण सगळेच वापरतात, मेण आणि हेमिसेल्युलोज निघून पृष्ठभाग खरखरीत होतो, पकड सुधारते. पण द्रावण कडक केलं किंवा जास्त वेळ भिजवलं की तंतूच कमजोर होतो, आणि नीट धुतलं नाही तर सगळंच मुसळ केरात. मी तरी आधी ओल आणि दाब यांचा बंदोबस्त करीन, कॉस्टिक नंतर.

टेस्ट एएसटीएम डी ३०३९ ने (अशा शीटच्या पट्ट्या ओढून तपासायची प्रमाण पद्धत) करताय ना? मग २५ मिमी रुंद पट्ट्या, टोकांना टॅब (पकडीच्या जागी चिकटवलेले तुकडे), आणि जी पट्टी मशीनच्या ग्रिपमध्येच तुटली ती सरासरीत घेऊ नका. ताण्याच्या आणि बाण्याच्या (कापडातल्या उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या) दिशेच्या पट्ट्या वेगळ्या ठेवा, दोन्हीकडे धाग्यांची संख्या सारखी नसते बऱ्याचदा.

अजून एक, काचेच्या शीटची करतात तशी शीट जाळून फायबर किती ते काढायला जाऊ नका, इथे रेझिनबरोबर तागही जळतो. सुकं कापड लावायच्या आधीच वजन करून लिहून ठेवायचं, शीट झाल्यावर परत वजन आणि चार-पाच ठिकाणी जाडी.