वाचकांचे प्रश्न : हायब्रिड गाडी गावाकडे वापरताना

प्रश्न : आमची स्ट्राँग हायब्रिड गाडी लग्नसराई संपल्यावर तीन आठवडे वाड्यात उभी होती. नंतर ती सुरूच झाली नाही आणि दारेही किल्लीच्या बटणाने उघडली नाहीत. गावातील मेकॅनिकने मोठी बॅटरी गेली असे सांगितले आणि ट्रॅक्टरला बांधून तालुक्यापर्यंत टोचन करून नेण्याचा सल्ला दिला. मी नकार दिला. ते योग्य झाले का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण नकार दिलात म्हणून एक मोठे नुकसान टळले. मेकॅनिकचे निदान बहुधा चुकीचे होते आणि त्याने सुचवलेला उपाय तर धोकादायकच होता.

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबरच काही अंतर केवळ विजेवरही चालू शकणाऱ्या, गाडीत दोन बॅटऱ्या असतात. चाके फिरवणाऱ्या मोटरला वीज पुरवणारी मोठी बॅटरी साधारण दोनशे व्होल्टच्या आसपासची असते, आणि तिच्याशिवाय साध्या गाडीसारखी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. इंजिन फिरवण्याचे काम मोठी बॅटरी करते हे खरे. परंतु तिला गाडीशी जोडणारे रिले (विजेने चालणारे स्विच), सगळे संगणक आणि दारांची कुलपे छोट्या बॅटरीवर चालतात. त्यामुळे मोठी बॅटरी भरलेली असूनही छोटी उतरली, तर गाडी निर्जीव होते. गाडी उभी असतानाही कुलूप-यंत्रणा आणि संगणक थोडी थोडी वीज घेत राहतात, आणि छोटी बॅटरी पुन्हा भरते ती केवळ डॅशबोर्डवर ‘रेडी’ ही खूण उमटलेली असताना. ब्रेक न दाबता नुसते बटण दाबून गाणी ऐकत बसल्याने ती भरत तर नाहीच, उलट उतरते.

अशा वेळी किल्लीच्या आत लपवलेल्या धातूच्या किल्लीने दार उघडावे आणि गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणी दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून केबल लावावी. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली तर महागडे इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळतात, म्हणून हे काम अंधारात किंवा घाईत करू नये. ट्रकची चोवीस व्होल्टची जोडणी कधीही वापरू नये. याच्या उलट, शेजाऱ्याचा बंद पडलेला ट्रॅक्टर आपल्या हायब्रिडच्या बॅटरीवरून सुरू करून देण्याचा मोहही टाळावा. ट्रॅक्टरचा स्टार्टर एका क्षणात जेवढा विद्युतप्रवाह ओढतो, तेवढा पुरवण्यासाठी ही छोटी बॅटरी बनवलेलीच नसते. शेजारधर्म म्हणून नकार देणे आपल्याकडे अवघड जाते, याची मला जाणीव आहे.

आता टोचनविषयी. बहुतेक स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत पुढची चाके गिअरमार्गे विद्युत मोटरशी कायम जोडलेली असतात आणि मध्ये क्लच नसतो. मोटरमध्ये कायमचे चुंबक असल्यामुळे चाके जमिनीवर फिरली की गाडी बंद असो वा ‘एन’मध्ये (न्यूट्रल) असो, मोटर वीज निर्माण करू लागते. अनेक किलोमीटर असे ओढत नेल्यास यंत्रणा तापते, भाग निकामी होतात आणि आग लागण्याचाही संभव असतो. म्हणून पुढची चाके उचलून किंवा, त्याहून उत्तम, संपूर्ण गाडी सपाट वाहनावर चढवूनच न्यावी. काळ्या मातीत रुतलेली गाडी टोइंग हुकाला दोर बांधून चालण्याच्या वेगाने चार हात बाहेर काढणे ही गोष्ट वेगळी आहे, तेवढे चालते. आठवड्यातून एकदा गाडी ‘पी’मध्ये (पार्किंग) ठेवून अर्धा-पाऊण तास ‘रेडी’ ठेवलीत, किंवा एक फेरी मारून आणलीत, तर ही वेळ बहुधा येणारच नाही.

प्रश्न : आमचा जिनिंगचा व्यवसाय आहे. मे महिन्यात गाडीच्या मागच्या आसनाजवळून पंख्याचा मोठा आवाज येतो आणि इंजिन पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालते. बॅटरी फुटेल का? (एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : फुटण्याची भीती बाळगू नका, पण या लक्षणाकडे दुर्लक्षही करू नका. अनेक हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी थंड ठेवण्यासाठी प्रवासी बसतात त्याच भागातील हवा वापरली जाते. ती आत घेणारी जाळी मागच्या आसनाच्या बाजूला किंवा खाली असते आणि तिच्यामागे एक गाळणी असते. आपल्या गाडीत रुईचे तंतू येणारच. ते गाळणीवर थर धरतात, हवा कमी पडते, पंखा जोराने फिरतो आणि तापलेल्या बॅटरीला वाचवण्यासाठी संगणक विजेचा वापर कमी करून इंजिनावर भार टाकतो. आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे याच क्रमाने येतात.

जाळीसमोर नमुन्याच्या थैल्या किंवा सतरंजी ठेवू नये. गाळणी सर्व्हिसच्या वेळी स्वच्छ करून घ्यावी. कंपनीने सांगितलेले अंतर सर्वसाधारण वापरासाठी असते, आपल्याकडे ते निम्म्यावर आणणे शहाणपणाचे ठरेल. पारा ४५ अंशांपुढे गेलेल्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी काढताना आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्यावी आणि एसी सुरू ठेवावा, कारण आपल्याला मिळणारा गारवा तोच बॅटरीलाही मिळत असतो.

प्रश्न : चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन एकदम मोठ्याने ओरडू लागते. कधी खड्ड्यावर ब्रेक क्षणभर सैल झाल्यासारखा वाटतो. गाडी नागपुरातून जुनी घेतली आहे. (एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर : इंजिनाचा आवाज हा दोष नाही. उतारावर मोटर जनित्राचे काम करते आणि गाडीचा वेग रोखताना निर्माण झालेली वीज बॅटरीत साठवते. लांब घाटात बॅटरी भरून जाते, मग उरलेली वीज खर्च करण्यासाठी मोटर इंजिनाला नुसतेच फिरवते, आणि त्या फिरण्यानेच गाडीला रोध मिळतो. घाट सुरू होतानाच गिअरच्या दांड्यावरची ‘बी’ स्थिती (उतारावर इंजिनाचा रोध वाढवणारी) निवडल्यास ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’ची गरज नसते.

ब्रेकची तक्रार मी गंभीरपणे घेतो. हायब्रिडमध्ये मोटरचा रोध आणि ब्रेक-पॅडची पकड संगणक एकत्र जुळवतो, आणि चाक खड्ड्यात घसरून एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) जागे झाले की मोटरचा रोध सोडून सगळा भार पॅडवर येतो. हा बदल काही वेळा पायाला जाणवतो. परंतु तो संगणकाच्या प्रणालीतील त्रुटीमुळेही होऊ शकतो : फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाने याच प्रकारच्या तक्रारीवरून प्रियस आणि इतर काही हायब्रिड अशा जगभरातील सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावून प्रणाली बदलून दिली होती. पुढे २०१४ मध्ये सुमारे १९ लाख प्रियस आणि २०१८ मध्ये प्रियस व ऑरिस मिळून सुमारे २४ लाख गाड्या, चालू असताना शक्ती जाण्याच्या शक्यतेवरून परत बोलावल्या गेल्या. आपली गाडी यांपैकी नसेलही. सांगण्याचा हेतू इतकाच की कंपनीने दुरुस्ती जाहीर केली तरी तिचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला ते कळतही नाही. अधिकृत सर्व्हिस केंद्रात चॅसिस क्रमांक देऊन अशी एखादी दुरुस्ती बाकी आहे का, हे लेखी विचारून घ्या. तोपर्यंत पावसाळ्यात घाट टाळलात तर बरे.

प्रश्न : आमची गाडी ‘स्मार्ट हायब्रिड’ आहे. तिलाही हे सारे लागू आहे का? (एक वाचक, मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : बहुतांशी नाही. आपली गाडी केवळ विजेवर चालत नाही. तिच्यात बारा व्होल्टची नेहमीची बॅटरी आणि इंजिनाला थोडी मदत करणारी एक लहान लिथियम बॅटरी आहे. दोनशे व्होल्टचा धोका तिच्यात नाही.

प्रश्न : गाडी अंगणात उभी होती, मी चालूच ठेवून आत निरोप द्यायला गेलो. नातवाने आत बसून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी गोठ्याच्या भिंतीवर गेली. सुदैवाने कोणाला लागले नाही. आवाज नसल्याने ती चालू आहे हे घरात कोणालाच कळले नाही. (एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. हायब्रिडचा सर्वांत मोठा धोका मला बॅटरीत दिसत नाही, तो या शांततेत दिसतो. साधी गाडी चालू असली की घरातल्या आजीलाही ऐकू येते. हायब्रिड मात्र ‘रेडी’ स्थितीत पूर्ण निःशब्द उभी राहते आणि तरीही तत्क्षणी निघू शकते. म्हणून एका मिनिटासाठी उतरायचे असले, तरी ‘पी’, हँडब्रेक, बटण बंद आणि किल्ली खिशात, हा क्रम मोडू नये. किल्ली खिशात घेऊन दूर गेल्याने चालू गाडी आपोआप बंद होत नाही, हेही घरच्यांना सांगावे.

यातच दुसरी गोष्ट आहे. बंद टिनाच्या शेडमध्ये गाडी ‘रेडी’ राहिली, तर बॅटरी उतरल्यावर इंजिन आपोआप सुरू होते आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नसतो. वर सांगितलेली अर्ध्या तासाची बॅटरी भरण्याची पद्धतदेखील उघड्या अंगणात, गाडीजवळ मोठे माणूस असतानाच अवलंबावी.

प्रश्न : सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावत होतो. उंदरांनी बोनेटखालची एक नारिंगी वायर कुरतडली आहे. टेप लावून चालवू का? (एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : टेप लावू नका, त्या वायरला हातही लावू नका आणि गाडी सुरू करू नका. नारिंगी आवरण म्हणजे जीव घेऊ शकणारा विद्युतदाब. गाडी बंद करून, मोठ्या बॅटरीचा सुरक्षा-प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमधला (वीज साठवून ठेवणारा भाग) भार उतरायला काही मिनिटे जातात, आणि हे काम विद्युतरोधक हातमोजे घातलेल्या प्रशिक्षित माणसाचेच आहे. गावातील कारागीर कितीही कसबी असला, तरी या एका वायरसाठी त्याचा जीव धोक्यात घालू नये. सर्व्हिस केंद्राला फोन करून गाडी सपाट वाहनावर मागवून घ्या आणि ती हलवण्यापूर्वी कुरतडलेल्या जागेची छायाचित्रे दुरूनच काढून ठेवा, कारण उंदरांनी केलेले नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही आणि विमा मिळतो की नाही, हे आपल्या विमापत्रातील अटींवर ठरेल.