पहिला कॅमेलियन: आधी एवढंच बघा

येमेनचा ‘व्हेल्ड’ जातीचा कॅमेलियन (रंग बदलणारा सरडा) घेतलात ते बरं केलंत, नवख्याला त्यातल्या त्यात तोच झेपतो.

- वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे तो सहसा ढुंकूनही बघत नाही. पानांवरचे थेंब चाटतो. जाळीच्या पिंजऱ्यावर बारीक भोक पाडलेला डबा ठेवा, पाणी टपकत राहील. जास्तीचं पाणी निथळू द्या.
- यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, दिव्याची नळी हवीच. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते आणि मग हाडं मऊ पडतात. नव्या लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच.
- खायला द्यायचे रातकिडे त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. वर कॅल्शियमची पूड भुरभुरवा. उरलेले रात्री काढून घ्या, झोपलेल्याला चावतात.

जोडीला दुसरा आणू नका. हातावर घेऊन मिरवणंही नको. त्याला वैताग येतो, फोटो तुमचे निघतात. व्हिटॅमिनचं नंतर बघू.