विचारा नकाशेवाल्या काकांना

प्रश्न : काका, मुलाला शाळेतून मुंबईच्या सात बेटांचा नकाशा काढून आणायला सांगितलाय. नेटवर दहा नकाशे बघितले, दहाही ठिकाणी बेटांचा आकार वेगळा. खरा कुठला? आणि आम्ही परळला राहतो, दर पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबतं त्याचा ह्या बेटांशी काही संबंध आहे का?

उत्तर : ताई, दहाही थोडेथोडे खरे आहेत. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत जवळपास पाच मीटरपर्यंत फरक पडतो आणि बेटांच्या मधे खोल समुद्र नव्हताच, बराचसा चिखल, खाजण आणि उथळ खाड्या, म्हणजे भरतीला बेट आणि ओहोटीला पाय भरवत पलीकडे, मग किनाऱ्याची रेघ काढायची तरी कुठे? पायधुणी नाव त्यातूनच आलं म्हणतात, खाडी ओलांडून आलेली माणसं तिथे पाय धुवायची. शेजारची डोंगरी म्हणजे खरोखरची टेकडी आणि उमरखाडी ही मुंबई आणि माझगाव बेटांमधली खाडी, आता तिथे चाळी आहेत. मला विचाराल तर ही नावंच सगळ्यात भरवशाचा नकाशा आहे!

मुलाला एकदा हाजी अलीला न्या, ओहोटीला रस्त्याने चालत जाता येतं आणि मोठ्या भरतीला तोच रस्ता पाण्याखाली. मग म्हणावं, आता काढ बघू आकार. (बाई मार्क कापतील, पण चालायचंच.)

नावं मात्र सात : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. वांद्रे, अंधेरी, बोरिवली ह्यात घालू नका, ही चूक सगळे करतात, ते सगळं साष्टी बेट. माहीमहून वांद्र्याला जायला १८४५ ला कॉजवे झाला, त्याआधी होडी.

आता हिंदमाता. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधलं खिंडार हॉर्नबी गव्हर्नरच्या काळात, १७८० च्या दशकात बांध घालून बंद केलं, म्हणून भायखळा, कामाठीपुऱ्याकडची दलदल हळूहळू वस्तीलायक झाली. पण समुद्र अडवला म्हणून जमीन उंच होत नाही ना. मुंबईचे असे बरेच भाग अजून सखलच आहेत, हिंदमाताही तसाच, बशीसारखा, चारी बाजूंनी पाणी तिथेच उतरतं, आणि नेमकी भरती असेल तर समुद्र नाल्यांच्या तोंडापेक्षा वर, मग पाणी जाणार कुठे? म्हणून तर तिथलं पाणी साठवायला आता दादरला प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्यात.

प्रश्न : पनवेल मुंबईत येतं का? घरात वाद चालू आहे.

उत्तर : मुंबई महापालिकेत नाही, पनवेलची स्वतःची महापालिका आहे २०१६ पासून आणि जिल्हा रायगड. पण मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे एमएमआरमधे येतं. दोघांनाही अर्धा अर्धा वडापाव.