वॉटरस्टार्टला शीड उचलतच नाही!

प्रश्न: विंडसर्फिंग शिकतेय, पण वॉटरस्टार्टला (पाण्यात असताना वाऱ्याने भरलेल्या शिडाच्या ओढीने बोर्डवर उभं राहताना) शीड पाण्यातून हलतच नाही, हात भरून येतात. ताकद कमी पडतेय का?

उत्तर: नाही हो, ताकदीचा प्रश्नच नाही. शिडावर पाणी बसलेलं असतं आणि आपण ते सरळ वर उचलायला बघतो. आधी मास्ट (शिडाचा उभा दांडा) वारा येतो त्या बाजूला आणा, मग तो धरून वारा येतो तिकडे पोहत ओढा, म्हणजे पाणी निथळतं, कडेखालून वारा शिरतो आणि शीड आपसूक उठतं, खरंच! मग मागचा पाय बोर्डवर, हात सरळ वर. बूम (शीड धरायचा आडवा दांडा) छातीशी ओढू नका, सगळे इथेच चुकतात. छातीभर पाण्यात सराव करा, वारा 12-15 नॉट (ताशी सुमारे 22-28 किमी) तरी हवाच.