लाल टोपीच्या आधीची वर्षे

ठाणे

प्रिय बाळा,

रविवारच्या मिस्सेनंतर मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी तू मला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, जाण्याचा विचार सांगितलास आणि पाठोपाठ विचारलेस की, साधा धर्मगुरू पुढे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखाल मानाचा, लाल टोपी घालणारा धर्माधिकारी, कसा होतो. तुझ्या प्रश्नाने मला आनंद झाला. पण त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नियम थोडक्यात असा की, कार्डिनलची निवड स्वतः पोप करतात. त्यासाठी ना परीक्षा असते, ना अर्ज. मात्र नियम वाचून माणूस कळत नाही. त्यासाठी भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचे आयुष्य पाहा. (आपल्या परिचयाचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस निराळे, दोघांचे आडनाव तेवढे एक.) मूळच्या गोव्याच्या कुटुंबात, १९०० साली कराचीत त्यांचा जन्म झाला आणि १९२६ मध्ये ते धर्मगुरू झाले. रोममधले उच्च शिक्षण संपवून परतल्यावर त्यांच्या वाट्याला मुंबईच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांच्या, सचिवाचे काम आले, म्हणजे पत्रव्यवहार, नोंदी आणि दुसऱ्याच्या सहीसाठी तयार करायचे कागद.

आता त्या काळाची अडचण समजून घे. व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यात १९२८ मध्ये झालेल्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा. ज्या गादीच्या कचेरीत ग्रेशियस राबत होते, त्या गादीवर भारतीय माणूस बसण्याची वाट कागदोपत्री बंदच होती, आणि तरीही त्यांनी हातातले काम मनापासून केले.

ती वाट मोकळी होण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांचे नाव आपल्याकडे फार कमी घेतले जाते. जेज्विट या धर्मगुरूंच्या संघातले हे इंग्रज १९३७ मध्ये आर्चबिशप झाले. भारताच्या धर्मप्रांतांचा कारभार भारतीयांच्याच हाती हवा, असे त्यांचे मत होते. १९४६ मध्ये ग्रेशियस सहायक बिशप झाल्यावर रॉबर्ट्स यांनी मुंबई सोडली आणि कारभार ग्रेशियस यांना सांभाळू दिला. पुढे १९५० मध्ये कराराची अट दूर झाली, रॉबर्ट्स यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. आपण होऊन खुर्ची सोडणारा माणूस मला लाल टोपी घालणाऱ्याइतकाच थोर वाटतो.

१९५३ चे कार्डिनलपद, १९६४ मध्ये मुंबईत भरलेली आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद (पवित्र भाकरीच्या संस्काराला वाहिलेला कॅथलिकांचा मेळावा), त्या निमित्ताने भारतभूमीवर आलेले पहिले पोप सहावे पॉल, १९६६ चा पद्मविभूषण, हे सारे तुला कुठेही वाचायला मिळेल. शाळेत शिकवताना मी स्वतः इतकी वर्षे १९५३ पासूनच सुरुवात करत आलो, ही माझी चूक झाली. ग्रेशियस यांच्यानंतर १९७८ मध्ये आर्चबिशप आणि १९८८ मध्ये कार्डिनल झालेले सायमन पिमेंटा हे तर मरोळचे, आपल्याच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती, समाजातले. कार्डिनल होण्याआधीच्या त्यांच्याही वर्षांकडे तू याच नजरेने पाहावेस.

सेमिनरीचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या फादरांना भेट आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या उतरवून काढण्याचे काम माग. अक्षर स्वच्छ ठेव, एकही नाव चुकू देऊ नकोस, आणि महिनाभराने त्या कामाचा कंटाळा आला की गोडी लागली, ते मला खरे खरे सांग. त्यानंतर एका शनिवारी आपण ठाण्याहून सकाळची लोकल पकडून कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलला जाऊ. तेथे ग्रेशियस रेक्टर, म्हणजे त्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, होते.

तुझा,
सर