पत्रं कोणी लिहिली?

प्रश्न : काका, नमस्कार. मुलगा अकरावीत आहे, दोन महिने झाले रोज जेवताना स्टार ट्रेक ही भविष्यातल्या अंतराळयानाची अमेरिकन सिरीयल लावून बसतो, आता मीपण बसते, सवयच लागली. परवा सहज विचारलं, अरे ही माणसं शेक्सपिअरवर बोलतात, शेरलॉक होम्स खेळतात, यातल्या एकानेही लहानपणी स्टार ट्रेक नाही बघितलं का? तर म्हणाला, आई असं विचारायचं नसतं. का नसतं? त्यांच्या जगात ही सिरीयल आहे की नाही?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, विचारायचंच असतं, आणि मुलाला सांगा काका आईच्या पार्टीत आहेत. साधं उत्तर म्हणजे नाही, त्यांच्याकडे ती सिरीयल नाही, असती तर पहिल्याच एपिसोडात कोणीतरी ओरडलं असतं की अरे हा तर सिरीयलमधला कॅप्टन कर्क, हा वाचतो शेवटी, आणि संपली गोष्ट. म्हणून लिहिणारे तिथे एक भोक सोडून देतात आणि आपण बघणारे गुपचूप त्यावरून उडी मारून पुढे जातो. शिवाय १९८८च्या एका एपिसोडात यानावरचा डेटा नावाचा यंत्रमानव सांगूनच टाकतो की टीव्ही हा प्रकार २०४०च्या फार पुढे टिकला नाही, मग बिचारे बघणार कशावर.

पण त्या भोकातून एक यान आत शिरलंय, ते ऐका. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव कॉन्स्टिट्यूशन ठरत होतं. सिरीयलच्या चाहत्यांनी व्हाइट हाउसवर पत्रांचा पाऊस पाडला, राष्ट्राध्यक्ष फोर्डनी ऐकलं, आणि १७ सप्टेंबर १९७६ला कॅलिफोर्नियात ते शटल बाहेर काढलं तेव्हा त्यावर नाव एंटरप्राइझ, म्हणजे सिरीयलमधल्या यानाचंच, आणि बघायला सिरीयलचेच नट हजर! (अंतराळात ते कधी गेलंच नाही, हवेतल्या चाचण्यांपुरतं राहिलं.) पुढे १९७९चा स्टार ट्रेकचा सिनेमा आला, त्यात यानाच्या एका हॉलमध्ये आधीच्या एंटरप्राइझांची चित्रं लावलीयत आणि त्या रांगेत हे शटलपण आहे. आता सांगा, त्यांच्या जगात सिरीयल नाही तर चाहते नाहीत, चाहते नाहीत तर पत्रं कोणी लिहिली? तुमचा मुलगा म्हणेल, अमेरिकन नेव्हीचं एंटरप्राइझ नावाचं जहाज होतं, त्यावरून ठेवलं असेल. म्हणू द्या. हे वकिली उत्तर झालं.

काही लोक मात्र मुद्दाम त्या भोकात बोट घालतात. डॉक्टर हू या १९६३लाच सुरू झालेल्या ब्रिटिश सिरीयलची १९८८ची एक गोष्ट १९६३च्या लंडनमध्ये घडते, एका घरात टीव्ही चालू आहे, निवेदक सांगतो सव्वापाच वाजलेत, आता नवीन सायन्स फिक्शन मालिका डॉक.. आणि कट! पूर्ण नाव येऊच देत नाहीत. मला हे फार आवडतं, अर्ध्या शब्दावर काम झालं.

सगळ्यात हुशारी स्टारगेटवाल्यांची. त्यांच्या जगात स्टारगेट, म्हणजे दुसऱ्या ग्रहांवर नेणारं दार, हे अमेरिकन हवाई दलाचं गुप्त प्रकरण आहे, डोंगराच्या पोटात दडवलेलं. २००१ला शंभरावा एपिसोड, त्यात कोणीतरी हुबेहूब त्याच प्रकरणावर टीव्ही सिरीयल काढायला घेतो. हवाई दल बंद पाडेल ना? नाही! चालू द्या म्हणतात, उद्या खरी बातमी फुटली तर लोक म्हणतील हॅ, हे तर त्या सिरीयलमधलं. आमच्या वाड्यात एक शुगरवाले आजोबा होते, थंडीत रोज रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन गराडू म्हणजे तळलेला कंद, वरून रबडी-जलेबी, आणि घरी आल्यावर आजींना हसत हसत सांगायचे, काय सांगू, गराडू हाणून आलो, रबडी चोपली. आजी म्हणायच्या, चला, झोपा, चेष्टा पुरे. सहा महिने चाललं, मग एक दिवस स्वेटरला गराडूवरचा मसाला, जीरावन, सापडलं.

आणि एक आहे जे गंमत म्हणून बघता येत नाही. स्टार ट्रेकचाच १९९८चा एपिसोड, डीप स्पेस नाइनमधला. तिथल्या अंतराळ स्थानकाचा कृष्णवर्णीय प्रमुख कॅप्टन सिस्को स्वतःला १९५३च्या न्यूयॉर्कमध्ये बघतो, तिथे तो एक कृष्णवर्णीय लेखक आहे, बेनी, आणि त्याने गोष्ट लिहिलीय एका अंतराळ स्थानकाची, ज्याचा प्रमुख कृष्णवर्णीय. मासिकाचा मालक अख्खा अंक लगद्यात घालतो पण ती छापत नाही. परत आल्यावर सिस्को म्हणतो, कोण जाणे, आपणच त्याचं स्वप्न असू. म्हणजे बघा, जी सिरीयल त्यांच्या जगात नाही असं मी वर ठासून सांगितलं, ती तिथे आहे, फक्त छापली गेली नाही. मुलाला हा एपिसोड आधी दाखवा, बाकीचं नंतर.

बाकी आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. लव-कुश रामाचीच गोष्ट रामासमोर गातात, १९५५ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेच या प्रसंगाने. आमची आजी डोळे पुसत ऐकायची, तिला कधी पडला नाही हो असला प्रश्न.

प्रश्न : काका, छोटंसं विचारतो. शक्तिमानच्या जगात टीव्हीवर महाभारत लागलं होतं का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : भिया, झोप घालवलीस माझी. १९८८ला मुकेश खन्ना भीष्म, १९९७ला तेच शक्तिमान, आणि गंगाधर, म्हणजे वेष बदललेला शक्तिमान, नोकरीला कुठे तर वर्तमानपत्रात! गंगाधरचं समजू शकतो, चष्मा आहे, दात पुढे आहेत. पण शक्तिमान तर उघड्या तोंडाने फिरतो आणि एवढ्या पत्रकारांत एकालाही वाटत नाही की हा चेहरा रविवारी सकाळी कुठेतरी बघितलाय? श्वार्झनेगरच्या १९९३च्या एका सिनेमात यावर तोडगा काढलाय, त्या जगात त्याच्याच टर्मिनेटर सिनेमाच्या पोस्टरवर चक्क दुसरा नट, स्टॅलोन आहे. तसं त्यांच्याकडे भीष्म दुसऱ्या कोणी केला असेल. आमच्या सूनबाई म्हणतात, काही नाही हो बाबा, दाढीमुळे ओळखू आला नाही.